पिक्सेल पोर्ट्रेटमध्ये डिदरिंग आणि शेडिंग: चेहऱ्यावर कुठं चालतं, कुठं नाही

गल्लीतला_पिक्सेल (बेळगाव)

नमस्कार मंडळी. हल्ली इथं बरेच जण पोर्ट्रेट टाकायलेत, बघून लई बरं वाटतं. पण एक गोष्ट परत परत दिसायलीय म्हणून हा धागा काढतोय. चेहरा झकास बसलेला असतो, डोळे जिवंत असतात, आणि मग गाल, कपाळ, नाकाची बाजू, हनुवटी, सगळीकडं चेकरबोर्ड डिदरिंग मारलेलं असतं, म्हणजे मधल्या रंगाचा भास व्हावा म्हणून दोन रंगांचे पिक्सेल बुद्धिबळाच्या पटागत आलटून पालटून ठेवलेले. त्यामुळं आजीच्या गालावर दाढीचे खुंट आल्यागत दिसतंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शेडिंग सपाट रंगांत पूर्ण झालं पाहिजे, चेहरा तेवढ्यावरच ओळखू आला पाहिजे. डिदरिंग त्याच्यानंतर, आणि तेही जिथं वस्तू खरोखर खरबरीत आहे किंवा उजेड मोठ्या भागावर सावकाश उतरतोय तिथंच. चेहऱ्याची कातडी ह्या दोन्हीत सहसा बसत नाही.

का ते हिशोबानं सांगतो. समजा ७२ × ७२ चा कॅनव्हास घेतला आणि चेहरा त्यात ३४ पिक्सेल रुंद आला. केस आणि कान वजा केले की एका गालाला मिळतात ८ × ९ पिक्सेल. चेकरबोर्ड हा "टोन" म्हणून वाचायला कमीत कमी ४ पिक्सेलची पट्टी लागते, त्याच्यापेक्षा कमी असेल तर नुसते सुटे ठिपके दिसतात. म्हणजे अर्धा गाल नक्षीतच गेला की ओ! उरलेल्या ४ पिक्सेलमध्ये उजेड, सावली, गालाचं हाड सगळं कसं बसवणार?

दुसरा हिशोब डोळ्याचा. नीट नजर असलेल्या माणसाला साधारण एक अंशाचा साठावा भाग एवढं बारीक वेगळं दिसतं. हेच ७२ पिक्सेलचं चित्र मोबाईलवर पूर्ण रुंदीत उघडलं तर स्क्रीन ७ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे चित्रातला एक पिक्सेल जवळजवळ १ मिलिमीटर. असे दोन पिक्सेल एकमेकांत मिसळून मधला रंग दिसायला मोबाईल तीन-साडेतीन मीटर लांब धरायला पाहिजे, आणि असा मोबाईल कोण बघतो? आपण ज्या पद्धतीनं चित्रं दाखवतो त्यात डिदरिंगचे रंग मिसळतच नाहीत, ते टेक्स्चर म्हणूनच दिसतं. हे एकदा डोक्यात बसलं की कुठं वापरायचं ते आपोआप कळतं. घोंगडी, इरकल साडी, मातीची भिंत, पिकलेली खुंट दाढी, मागचं आभाळ, इथं बिनधास्त मारा.

गणपत गल्लीत भाजी विकणाऱ्या एका आजींचं पोर्ट्रेट खाली जोडलंय, दोन फोटो आहेत, एक नुसतं सपाट आणि एक पदरावर व भिंतीवर डिदरिंग केलेलं. चेहऱ्याला दोन्हीत हात लावलेला नाही. बघा आणि बोला.

रेषा_टिळकवाडी

दादा, पोर्ट्रेट खूप आवडलं, कुंकू ३ × ३ चं एकदम सपाट ठेवलंय त्यामुळे नजर बरोबर तिथे जाते. पण "सपाट रंगांत शेडिंग पूर्ण" म्हणजे नेमकं कसं करायचं ते जरा उलगडून सांगा ना. मी करते तेव्हा कडेने गडद, मधे फिकट असं होत जातं आणि चेहरा फुगलेला दिसतो. आमच्या वाड्यातल्या खिडकीतून उजेड डावीकडून येतो, तसं दाखवायचंय.

गल्लीतला_पिक्सेल (बेळगाव)

ताई, कडेनं गडद मधे फिकट ह्याला पिलो शेडिंग म्हणतात आणि पोर्ट्रेटचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं, कारण त्यात उजेड कुठून येतोय हेच ठरलेलं नसतं. बाह्यरेषेच्या मागं मागं शेड फिरत जाते. चेहऱ्याला तर आकार आहेत, प्रत्येक पृष्ठभाग वेगळ्या दिशेला तोंड करून बसलाय, तेव्हा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: खिडकी तुला दिसते का?

डावीकडून उजेड आहे असं धरा. कपाळाचा डावा भाग, नाकाचा दांडा, डावा गाल वरच्या बाजूनं, खालच्या ओठाचा वरचा भाग, हे उजेडात. नाकाची उजवी बाजू, डोळ्यांच्या खोबणी, वरचा ओठ (तो खाली तोंड करून असतो म्हणून जवळजवळ नेहमी गडद), हनुवटीखालचा गळा, उजवा गाल कानाकडं, हे सावलीत. सुरुवातीला फक्त दोनच रंग घ्या, उजेड आणि सावली, आणि चेहरा ओळखू येतोय का बघा. नसेल येत तर तिसरा रंग घेऊन काही उपयोग नाही. डोळे किलकिले करून बघायचं, ड्रॉइंगच्या लोअर-हायर परीक्षांना बसलेल्या सगळ्यांना हे सांगितलेलं असतंय, पिक्सेलला ते दुप्पट लागू आहे.

मग रंग वाढवा. आजींच्या कातडीला मी पाच घेतलेत, ह्यू (रंगाची जात), सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा), ब्राइटनेस (उजळपणा) ह्या क्रमानं देतो:

सगळ्यात उजेड ४२, २५, ९७
उजेड ३२, ४२, ८८
मूळ रंग २४, ५२, ७२
सावली १२, ६०, ५०
खोल सावली ३४५, ५०, ३०

बघा, नुसतं काळं मिसळून गडद केलेलं नाही. सावलीकडं जाताना ह्यू लालाकडून जांभळटाकडं सरकलाय आणि उजेडाकडं जाताना पिवळ्याकडं. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या कातडीला हे फार शोभतं. नुसतं काळं मिसळलं की चेहरा राखेचा दिसतो. सगळ्यात उजेड जो रंग आहे तो सगळ्या चेहऱ्यावर मिळून मोजक्याच पिक्सेलला, नाकाचं टोक आणि गालाच्या हाडावर. बस.

वडगावचा_माग

डिदरिंगबद्दल माझं थोडं वेगळं सांगणं आहे. आमच्या घरात माग आहेत, शहापूर-वडगाव-खासबागात जन्मलेल्याला हे सांगायला नको. धूपछाव साडी असते बघा, ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा. साध्या विणीत एक धागा वर एक खाली, म्हणजे कापड जवळून भिंगातून बघितलं तर तंतोतंत ५० टक्के चेकरबोर्ड दिसतो आणि हातभर लांब धरलं की तिसराच रंग. धागा बारीक म्हणून रंग मिसळतात. पिक्सेल १ मिलिमीटरचा झाला की ते होत नाही, इथवर तुमचं पटलं.

पण मागावर एक गोष्ट शिकायला मिळते जी पिक्सेलला चालते. ताणा-बाण्याचे रंग उजेड-अंधारात एकमेकांच्या जवळचे असले की कापड शांत दिसतं, मग ते हिरवा आणि लाल असे विरुद्ध का असेनात. एक एकदम फिकट आणि एक गडद घेतला की कापड चमचमतं, डोळ्याला टोचतं. डिदरिंगचं तसंच. चेहऱ्यावर खुंट दिसतात ते डिदरिंग केल्यामुळं नव्हे, दोन रंगांच्या ब्राइटनेसमध्ये अंतर जास्त आहे म्हणून. तुमच्या रॅम्पमधल्या, म्हणजे उजेडापासून सावलीपर्यंतच्या रंगांच्या ओळीतल्या, ब्राइटनेस ७२ आणि ५० मध्ये चेकरबोर्ड मारला तर तो ओरडणारच. मधे ६५ आणि ५८ असे दोन रंग असते तर त्यांच्यातलं डिदरिंग गालावर सुद्धा मऊ पडलं असतं. म्हणून "चेहऱ्यावर नकोच" हे मला मान्य नाही.

चिकोडी_८बिट

माझा प्रश्न मुळावरचाच आहे, राग मानू नका. ६५ आणि ५८ असे रंग घेता येतात तर ६१ पण घेता येतो की, मग डिदरिंग करायचंच कशाला? आज स्क्रीनवर १ कोटी ६७ लाख रंग मिळतात. जुन्या मशीनवर रंग नव्हते म्हणून त्या लोकांनी नाईलाजानं केलं, आपल्यावर तशी वेळ कुठं आलीय.

गल्लीतला_पिक्सेल (बेळगाव)

@वडगावचा_माग अण्णा, हे लई मोलाचं सांगितलं. रॅम्पमध्ये शेजारी असलेल्या आणि ब्राइटनेसला जवळ असलेल्या रंगांतच डिदरिंग करायचं, हा नियम मी माझ्या बाजूनं पक्का धरतो. मात्र कातडीला पाचऐवजी सात-आठ रंग घेतले की ७२ पिक्सेलच्या कॅनव्हासवरच्या चेहऱ्यात त्या रंगांचेच इतके बारीक तुकडे होतात की डिदरिंगला जागा उरत नाही. म्हणून मोठा कॅनव्हास असेल, चेहराच १५० पिक्सेल रुंद असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के. लहान चेहऱ्यात मी अजून नकोच म्हणतो.

@चिकोडी_८बिट प्रश्न बरोबर आहे, राग कशाला येईल. जुन्या मशीनचं थोडं सांगतो म्हणजे नाईलाज कुठं होता आणि कला कुठं होती ते दिसेल. जपानात एनईसी कंपनीनं १९८२ मध्ये पीसी-९८०१ हा कॉम्प्युटर आणला. त्या मालिकेतल्या नंतरच्या मशीनवर ६४० × ४०० वर ४०९६ रंगांपैकी एका वेळी १६. साहसी खेळांतली पोर्ट्रेट त्यावर इतकी सुंदर केलेली आहेत की आजही लोक अभ्यास करतात, आणि त्यात डिदरिंग भरपूर आहे, चेहऱ्यावर सुद्धा. का चाललं? कारण ६४० × ४०० मध्ये चेहरा मोठा काढता येत होता, गालालाच पन्नास-साठ पिक्सेल मिळायचे. त्यात १०-१२ पिक्सेलची डिदर पट्टी गेली तरी गाल शिल्लक राहतो.

सेगा मेगा ड्राइव्ह हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल १९८८ चा, ५१२ रंगांतून एका वेळी साठेक. तिथं चित्रकारांनी उभ्या रेघांचं आणि चेकरबोर्डचं डिदरिंग केलं ते टीव्हीच्या कंपोझिट वायरवर भरवसा ठेवून. त्या सिग्नलमध्ये शेजारचे पिक्सेल आडवे एकमेकांत ओघळायचे आणि खरोखर मधला रंग तयार व्हायचा. तोच खेळ आज मोबाईलवर एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये) लावला की रेघा उघड्या पडतात, कारण मिसळायचं काम वायर करत होती आणि ती आता मधे नाही.

मग आज कशाला? माझ्या मते दोन कारणं. एक म्हणजे टेक्स्चर, घोंगडीचा खरबरीतपणा सपाट रंगात येत नाही. दुसरं, कमी रंगांचं बंधन आपण आपणहून घेतो तेव्हा प्रत्येक रंगाला दोन-तीन कामं करावी लागतात. माझ्या आजींच्या चित्रात कातडीची खोल सावली, केसांची सावली आणि साडीच्या काठाची सावली हा एकच रंग आहे. त्यामुळं चित्र एकसंध राहतं. ६१ चा रंग वाढवत गेलो की हे सुटतं.

चिकोडी_८बिट

ठीक आहे, टेक्स्चरचं कारण पटलं. बंधनाचं अर्धं पटलं. माझ्या पोर्ट्रेटमध्ये मी तरी जास्त रंगच घेणार, पण एकच रंग तीन ठिकाणी वापरायची गोष्ट करून बघतो.

निपाणी_स्प्राइट

मला सुरकुत्यांबद्दल विचारायचंय. माझ्या मावशीनं आयुष्यभर विड्या वळल्या, निपाणीत घरोघरी आहेत अशा बायका. तिचं पोर्ट्रेट मी ९० × ९० मध्ये करायलीय, हातात सूप आणि तेंदूची पानं, मान खाली. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गाळायच्या नाहीत मला, त्यातच तर ती आहे. पण एक पिक्सेलची रेघ ओढली की चेहऱ्यावर पेनानं गिरवल्यासारखं होतंय आणि डिदरिंगनं केलं तर धूळ बसल्यासारखं. मधला रस्ता काय?

रेषा_टिळकवाडी

ताई विषय किती चांगला निवडलात! मान खाली म्हणजे उजेड वरून, कपाळ आणि नाकाचं टोक उजळेल, डोळे सावलीत जातील. डोळे पूर्ण उघडे दाखवू नका, पापणीची एक जाड रेघ पुरे होईल.

गल्लीतला_पिक्सेल (बेळगाव)

निपाणीच्या ताई, तुमच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो कारण पोर्ट्रेटमधला सगळ्यात नाजूक भाग हाच आहे.

सुरकुती ही रेघ म्हणून काढायची नाही, ती कातडीची घडी आहे. घडीला दोन बाजू असतात, एक उजेडाकडं आणि एक उलटी. उजेड वरून येतोय तर घडीचा खळगा सावलीच्या रंगाचा आणि त्याच्या लगेच खालचा उंचवटा उजेडाचा. म्हणजे एक पिक्सेल सावली, त्याच्या खाली एक पिक्सेल उजेड, अशी जोडी. आणि सावली म्हणजे खोल सावली नव्हे बरं का, मूळ रंगाच्या फक्त एक पायरी खाली. खोल सावलीचा रंग सुरकुतीला लावला की गिरवल्यासारखं दिसतं, तुमचं तेच झालं असणार.

दुसरं, सुरकुती सलग ओढायची नाही. नाकाच्या बाजूपासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत जी मोठी घडी जाते ती ९० च्या कॅनव्हासमध्ये साधारण १२ पिक्सेल लांब येईल. वरचे ४ पिक्सेल सावलीचे काढा, मग २ पिक्सेल मूळ रंगाचेच सोडून द्या, मग ५ परत सावली आणि शेवटचा एक मधल्या रंगाचा, म्हणजे टोक विरघळतं. ते सोडलेले २ पिक्सेल बघणाऱ्याचा डोळा भरून काढतो. कपाळावर तीन आडव्या आठ्या असतील तर तिन्ही सारख्या लांबीच्या आणि सारख्या अंतरावर ठेवू नका. समांतर रेघा झाल्या की त्या आठ्या राहत नाहीत, पट्टे होतात. एक लांब, एक अर्धी, एक नुसती दोन पिक्सेलची भुवईच्या वर.

डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक सुरकुत्यांना ९० मध्ये जागा नाही. तिथं सावलीच्या रंगाचा ३ पिक्सेलचा एक त्रिकोणी क्लस्टर (पुंजका) कोपऱ्याबाहेर ठेवा, तेवढ्यानं वय दिसतं. सुटा एकटा पिक्सेल मात्र कातडीवर कुठंच नको, तो तीळ वाटतो. ठेवायचा तर तीळ म्हणूनच ठेवा.

डिदरिंग कुठं? सुपातल्या तंबाखूवर! तिथं मोकळ्या हातानं मारा, आणि चेकरबोर्ड नको, तंबाखूचा चुरा एकसारखा नसतो, २५ टक्क्यांचं (चारातला एक पिक्सेल दुसऱ्या रंगाचा) विस्कळीत डिदरिंग चांगलं दिसेल. सूप विणलेलं असतं तर तिथं २ × १ चे तुकडे आलटून पालटून. पान सपाट ठेवा आणि मधली शीर एका रेघेत. तीन वस्तू, तीन पोत, आणि त्यात मावशीचा चेहरा डिदरिंगशिवाय. नजर आपोआप चेहऱ्यावर थांबेल, कारण सगळ्या नक्षीत तेवढीच जागा शांत असणार.

निपाणी_स्प्राइट

दादा आत्ताच जोडी करून बघितली, सावली आणि खाली उजेड. एकदम मावशी दिसायला लागली! पांढऱ्या केसांचं काय करू? ते डिदरिंगनं करायचे का?

वडगावचा_माग

केस नको ताई. पिकलेले केस म्हणजे करडा आणि पांढरा मिसळायचा असं सगळ्यांना वाटतं, पण केस बटांनी जातात. केसांच्या दिशेनं लांबट तुकडे काढा, कुठं दोन पिक्सेल रुंद कुठं एक, आणि अंबाड्याकडं जाताना ते एकत्र येऊ द्या. करड्यात थोडा निळसर टाका, म्हणजे गव्हाळ कातडी शेजारी उबदार वाटेल. बारीक कापलेले किंवा खुंट असलेले केस असतील तरच डिदरिंग.

खानापूरकर_९०

मी वाचत होतो, मला एकदम वेगळी शंका आहे. आमच्या मंडळाला यंदा गणपतीला फ्लेक्स करायचाय, गावातल्या कुंभारकाकांचं पिक्सेल पोर्ट्रेट, ४ × ६ फुटांचा. खानापूरची माती, चाक, मागं मडकी, सगळं डिदरिंग करून छान झालंय. पण फ्लेक्सवाल्यानं नमुना दाखवला त्यात सगळं धुरकट आलंय, मडक्यांवरचं डिदरिंग तर नुसता चिखल. चित्र पुन्हा मोठं काढावं लागणार काय?

गल्लीतला_पिक्सेल (बेळगाव)

पुन्हा काढायची काही गरज नाही. सॉफ्टवेअर चित्र मोठं करताना मधले रंग स्वतः तयार करतंय, म्हणून धुरकट. फोटोशॉपमध्ये इमेज साइझला रिसँपल म्हणून पर्याय असतो, तिथं "निअरेस्ट नेबर" निवडायला सांगा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे तुम्हीच मोठं करून पीएनजी द्या, त्यांना आकार बदलू देऊ नका. तुमचा कॅनव्हास किती आहे?

खानापूरकर_९०

७२ × १०८.

गल्लीतला_पिक्सेल (बेळगाव)

बरोबर, ४ × ६ ला तंतोतंत बसतंय. पूर्ण पटीतच मोठं करा, ५० पट केलं तर ३६०० × ५४०० होतं. साडेतीन पट, सव्वाचार पट असं कधीच नको, कारण मग काही पिक्सेल ३ चे आणि काही ४ चे होतात आणि डिदरिंग केलेल्या भागावर चौकडीच्या लुंगीसारखे पट्टे उमटतात, मूळ चित्रात नसलेले. इन्स्टाला टाकताना बरेच जण ६४ × ६४ चं चित्र १०८० वर नेतात, तिथं हेच होतं, १०८० ला ६४ नं पूर्ण भाग जात नाही. म्हणून मी ७२ घेतो (१५ पट), ताईंनी ९० घेतलाय (१२ पट), ५४ पण चालतो (२० पट).

फ्लेक्सबद्दल आणखी एक. ४ फुटांत ७२ पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल १७ मिलिमीटर. मी वर जो हिशोब मांडला त्याप्रमाणं ते मिसळायला बघणारा साठेक मीटर लांब पाहिजे. मंडपासमोर एवढ्या लांबून कोणी बघत नाही, तेव्हा डिदरिंगचा प्रत्येक ठिपका लोकांना मोजता येईल. मडक्यांवर ते चांगलंच दिसेल, भाजलेल्या मातीचा पोत आहे तो. काकांच्या कपाळावर असेल तर काढून टाका.

चिकोडी_८बिट

फोटोवरून आपोआप डिदरिंग करून घेण्याबद्दल काय मत आहे? फ्लॉइड-स्टाइनबर्ग लावला की चार रंगांत सुद्धा माणूस ओळखू येतो, हातानं तासन्‌तास बसायला नको.

वडगावचा_माग

ओळखू येतो हे खरं. फ्लॉइड-स्टाइनबर्ग १९७६ चा. एका पिक्सेलला जवळचा रंग दिला की जी चूक उरते ती शेजारच्या चार पिक्सेलना वाटून टाकतो, उजवीकडं ७/१६, खाली डावीकडं ३/१६, सरळ खाली ५/१६, खाली उजवीकडं १/१६. चूक वाहत जाते म्हणून त्यात किड्यांसारख्या वळवळत्या रेघा तयार होतात, आणि त्या गालावर हमखास येतात कारण गालावर उजेड सावकाश बदलतो. बिल ॲटकिन्सननं ॲपलच्या मॅकिंटॉशसाठी केलेली पद्धत सहा-अष्टमांशच चूक पुढं पाठवते, दोन भाग सोडून देते. त्यानं उजेड भाग एकदम पांढरा आणि सावली एकदम काळी राहते, चेहरा स्वच्छ दिसतो. काळ्या-पांढऱ्या दोनच रंगांत चेहरा करायचा असेल तर मला ती पद्धत आवडते.

आणि बायर पद्धत १९७३ ची, ठरलेल्या चौकोनी मॅट्रिक्सवर चालते. २ × २ च्या मॅट्रिक्सला दोन रंगांत पाच पायऱ्या मिळतात, ४ × ४ ला सतरा. तोच ब्राइस बायर ज्याच्या कलर फिल्टरवर आपल्या मोबाईलचे कॅमेरे चालतात.

गल्लीतला_पिक्सेल (बेळगाव)

माझं मत असं की फोटोचं आपोआप रूपांतर हा अभ्यासाला चांगला आरसा आहे. दोन रंगांत लावून बघितलं की उजेडाचे मोठे भाग कुठं आहेत ते कळतं. पण पोर्ट्रेट म्हणून ते मी टाकणार नाही, कारण त्याला नाक आणि मागची भिंत सारखीच महत्त्वाची. आपण पोर्ट्रेट काढतो तेव्हा निवड करतो. आपल्या बेळगावला तर पोर्ट्रेटची मोठी परंपरा आहे, के. बी. कुलकर्णी सरांसारखा व्यक्तिचित्रकार इथं काम करून गेला, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांच्या गावात राहून चेहरा मशीनकडं सोपवायचा मला जीव होत नाही.

१९९८ च्या गेम बॉय कॅमेऱ्याचे फोटो मात्र जरूर बघा. १२८ × ११२ आणि चारच छटा, तरी माणूस ओळखू येतो. चेहरा चौकटभर भरलेला असेल तर डिदरिंग किती पेलतं ते त्यात कळतं.

रेषा_टिळकवाडी

अजून एक विचारू? मी पापणी मिटायची छोटी ॲनिमेशन करतेय, पाच फ्रेमची. प्रत्येक फ्रेमला साडीवरचं डिदरिंग थरथरतंय.

वडगावचा_माग

फ्रेमगणिक डिदरिंग नव्यानं केलंत काय ताई? एरर डिफ्यूजन पद्धतीत (फ्लॉइड-स्टाइनबर्गसारखी चूक शेजारी वाटणारी) वरचा एक पिक्सेल बदलला तरी खालचं सगळं बदलत जातं, म्हणून थरथर. साडीचा एकच लेयर सगळ्या फ्रेमला जोडून ठेवा, पापण्यांचा वेगळा लेयर करा, बदल फक्त तिथंच. मान हलणार असेल तर डिदरिंग मानेबरोबर पिक्सेल-पिक्सेल सरकवा. जागेवर ठेवलंत तर नक्षी पडद्याला चिकटलेली आणि बाई तिच्या मागून जातेय असं दिसेल. जीआयएफ करणार असाल तर बायरचं किंवा हाताचं डिदरिंग ठेवा, सारखी पुनरावृत्ती असली की फाईल लहान होते.

खानापूरकर_९०

माझ्याकडं कॉम्प्युटर नाही, सगळं मोबाईलवरच केलंय, पिक्सेल स्टुडिओवर. त्यात डिदरिंगचा पेन आहे पण मी एकेक ठिपका बोटानं ठेवला. कॉम्प्युटर घेतला तर काय वापरू?

गल्लीतला_पिक्सेल (बेळगाव)

मोबाईलवर एवढं केलंत, हात बसलाय तुमचा. पिस्केल ब्राउझरमध्ये फुकट चालतं, त्यात डिदरिंगचं टूल आहे, दोन रंग निवडले की चेकरबोर्ड उमटतो. लिब्रेस्प्राइट पण फुकट. पैसे घालायचे तर एसप्राइट, त्यात शेडिंग इंक म्हणून प्रकार आहे, रॅम्प निवडून ठेवला की ब्रश जिथं फिरेल तिथला रंग एक पायरी गडद किंवा उजेड होतो, पॅलेटच्या बाहेर जातच नाही. पोर्ट्रेटला ह्याच्यासारखं दुसरं टूल मला मिळालं नाही. ग्रेडियंट टूलला बायर डिदरिंग पण लावता येतं, मागच्या आभाळाला वापरतो मी.

निपाणी_स्प्राइट

मावशीचं पूर्ण झालं, जोडलंय. सुपातल्या तंबाखूला २५ टक्के केलं, चेहरा सपाट. कातडीला पाच रंग, एकूण अकरा. व्हॉट्सॲपवर घरच्यांना पाठवलं तर तंबाखू नुसता तपकिरी डाग दिसतोय, असं का?

वडगावचा_माग

९० × ९० चंच पाठवलं असणार. व्हॉट्सॲप त्याचं जेपीजी करतं, आणि जेपीजी सगळ्यात आधी बारीक उलटसुलट बदल टाकून देतं, म्हणजे नेमकं डिदरिंग. रंगाची माहिती तर आणखी ढोबळ ठेवतं. १२ पट मोठं करून १०८० चं पीएनजी करा आणि फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बाकी चित्र फार सुंदर झालंय ताई, फक्त उजव्या हाताच्या अंगठ्याखाली सावली राहिलीय, तिथं खोल सावलीचे चार पिक्सेल टाका म्हणजे पान अंगठ्याखाली दाबलेलं दिसेल.

निपाणी_स्प्राइट

टाकले. १०८० चं वर बदललंय.